फुलवाली मेली नाही

१

रविवारी संध्याकाळी त्या घरात आधी चहा व्हायचा आणि मग खून. चहा मागेपुढे झाला तर चालायचं, खून मात्र अगदी वेळेवर.

खून अर्थात टीव्हीवरचा. ‘पोटभाडेकरू’ नावाची मालिका होती. एक मऊ बोलणारा, सभ्य माणूस घरोघरी एकेक खोली भाड्याने घ्यायचा, घरच्यांमध्ये मिसळायचा, म्हाताऱ्यांची औषधं आणून द्यायचा, आणि एक दिवस त्यांच्यातल्याच कोणाचा तरी गळा आवळायचा. ही सगळी हकिगत पडद्यामागून एक म्हातारा आवाज सांगायचा. तो आवाज नक्की कोणाचा, हे दुसरं पर्व संपत आलं तरी मालिकेने सांगितलं नव्हतं, आणि त्यावरून या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी सख्ख्या भावांत वाटण्यांवरूनही होत नाहीत.

बघायला चौघं बसायची. मधल्या खुर्चीत बाबा, म्हणजे घरच्या सुनेचे सासरे. जन्मभर त्यांनी थिएटरात सिनेमाचं मशीन चालवलं, म्हणून सगळे त्यांना ऑपरेटर म्हणायचे. काचबिंदूने दोन्ही डोळे नेले तरी नाव तेच राहिलं. सोफ्यावर त्यांची धाकटी बहीण, आत्या. रहस्य आधी ओळखता आलं नाही तर तिला अन्न गोड लागत नसे. तिच्या शेजारी खालच्या मजल्यावरचा कंपाउंडर. तो औषधांच्या दुकानात कामाला होता आणि मालिकेतलं प्रत्येक विष कसं चुकीचं दाखवलंय ते सांगितल्याशिवाय त्याला राहवत नसे. बाबांच्या उजव्या हाताला सून बसायची. तिचा नवरा बोटीवर नोकरीला, वर्षाचा मोठा भाग समुद्रावर.

डाव्या हाताची खुर्ची सासूची. सासू थंडीत गेली. खुर्ची कोणी मुद्दाम रिकामी ठेवली नव्हती, पण तिथे कोणी बसतही नव्हतं.

सुनेचं नाव ‘मौनी’. ते सासूनेच ठेवलेलं. मौनी दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. दिवसभर मेणात एकेक दात बसवायचा, चावा जुळतो का बघायचं, रंग जुळवायचा. काम सगळं तोंडाचं, पण तोंड उघडायची गरज नाही. लग्न होऊन आली तेव्हा महिनाभर ‘हो’ आणि ‘नको’ यापलीकडे बोलली नव्हती. आईबाप लहानपणीच गेलेले, मामाच्या घरी वाढलेली पोर. बोललं की काम वाढतं एवढं तिला कळलेलं होतं. सासू तिचंही मिळून बोलायची, वर तिच्या वतीने उत्तरंही देऊन टाकायची. या दोन म्हाताऱ्या माणसांनी मौनीला इतकं सांभाळलं होतं की त्यांना आई आणि बाबा म्हणताना तिची जीभ कधी अडखळली नाही.

बाबांना पडद्यावरचं सांगायचं काम सासूचं होतं. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ती भागभर कुजबुजत राहायची. ती गेल्यावर काम मौनीकडे आलं, आणि मौनी सांगायची असं: “आला. बसला. बघतोय.”

“अगं, तार पाठवतेयस का?” आत्या म्हणायची.

त्या रविवारी नेहमीचाच वाद चालू होता.

“हे सांगणारा आवाज आहे ना, तोच खुनी,” आत्या म्हणाली. “मी पहिल्या भागापासून सांगतेय. एवढं बारीकसारीक माहीत आहे, म्हणजे तो तिथे होता.”

“मग भाडेकरू झोपलेला असताना दाराबाहेर कोण उभं आहे ते त्याला कसं कळतं?” कंपाउंडरने बिस्कीट बुडवलं. “हा इन्स्पेक्टर आहे. म्हातारपणी आठवणी सांगतोय.”

“त्या इन्स्पेक्टरला स्वतःचा चष्मा सापडत नाही, त्याला हे कळणार?”

बाबा हसले. “तुम्ही भांडताय कशाला? फुलवालीला विचारा की. तिने पाहिलंय त्याला.”

“कोण फुलवाली?”

“पहिल्या भागातली. कोपऱ्यावर बसायची ती.”

“दादा, ती मेली ना,” आत्या म्हणाली. “पहिला खून तिचाच.”

“मेली? छे.” बाबांनी कप चाचपून बशीत ठेवला. “आतल्या खोलीत गेली ती. तो शिकवणीवाला मास्तर, जुळ्यांची आई, सगळी तिथेच आहेत. पत्ते काय खेळतात, हसतात काय. तुम्ही लोक बघता तरी काय?”

कंपाउंडरचं बिस्कीट चहात पडलं. टीव्हीवर जाहिरात लागली होती, ती सगळ्यांनी मन लावून बघितली.

२

स्वयंपाकघरात आत्या आधी हसली आणि मग ओट्याला टेकून रडली.

“वहिनीने माझ्या भावाला भलतीच मालिका दाखवली गं,” ती पदराने डोळे पुसत म्हणाली. “आणि आपण शेजारी बसून बघत होतो.”

मग तिला आठवलं ते तिने सांगितलं. पहिला भाग लागला तेव्हा बाबांची नजर नुकतीच पूर्ण गेली होती. फुलवालीची किंकाळी त्यांनी ऐकली आणि नंतर कितीतरी दिवस त्यांना झोप लागेना. ‘तुम्हाला पुढचं दृश्य दिसतं,’ ते आत्याला म्हणाले होते, ‘माझं तिथेच अडकून बसतं. अंधारात ती बाई ओरडतेच आहे.’ पुढच्या रविवारनंतर मात्र गाढ झोपायला लागले. डॉक्टरांच्या गोळ्या लागू पडल्या असं सगळ्यांनी धरून चाललं.

गोळ्या कसल्या. सासूने त्यांच्या कानात सांगितलं असणार: अहो, मेली नाही ती, आत गेली. आणि एकदा एक माणूस आत पाठवल्यावर दुसऱ्याला बाहेर मरू कसं द्यायचं? जो मेला तो आत गेला. मग त्या खोलीत दिवा आला, लांब टेबल आलं, पत्ते आले.

“पण पोलीस प्रेताबद्दल बोलतात ते काकांना ऐकू येत असेल ना?” कंपाउंडरने दारातून विचारलं.

“पोलीस मूर्ख आहेत म्हणून सांगितलं असेल. ते दादाला लगेच पटलं असेल.”

तिघांनीही दिवाणखान्याकडे पाहिलं. बाबा एकटेच बसले होते, चेहरा शांत, मांडीवर हात.

“आता काय सांगायचं त्यांना?” आत्याने विचारलं.

“आहे तेच,” मौनी म्हणाली. “सगळी आत आहेत. मी सांगेन.”

तिच्या मानाने हे भाषणच होतं. कंपाउंडरने आपण होऊन गळ्याला चिमटा काढला आणि शपथ घेतली.

३

पुढच्या रविवारी बुटांच्या दुकानदाराची पाळी होती. चांगला अभिनय करणारा नट होता, मेलाही चांगला. मौनीने बाबांच्या कानाशी तोंड नेलं. खोटं बोलायची सवय नव्हती.

“तो... आत गेला, बाबा.”

“हो,” बाबा म्हणाले. “फुलवालीने सरकून जागा केली त्याला. लाजतोय बिचारा.”

मौनीला बरं वाटलं. एवढे दिवस ऐकून त्यांना खोली पाठ झालीय, आता आपलं ते स्वतःच भरतायत. आपण नुसतं दार उघडून द्यायचं. तिने चहाचा घोट घेतला.

“या भाडेकरूने मात्र डाव्या हाताचं फडकं अजून सोडलेलं नाही,” बाबा पुढे म्हणाले. “चिघळेल ते.”

पडद्यावर भाडेकरू जिना उतरत होता. त्याच्या डाव्या हाताला रुमाल गुंडाळलेला होता आणि रुमालावर डाग होता. डाग रक्ताचा, म्हणून मौनीने रुमालाचा उल्लेखच केला नव्हता.

कंपाउंडरने मान वळवली. “वहिनी, तुम्ही सांगितलंत?”

मौनीने नाही म्हणून मान हलवली. आत्याच्या लक्षात काहीच आलं नाही, ती आवाजाशी भांडण्यात गुंग होती.

कोणीतरी बोललं असेल मालिकेत, मौनीने स्वतःला समजावलं. घरमालकीण म्हणाली असेल, हाताला काय झालं म्हणून. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत तिने मोबाईलवर तो भाग पुन्हा लावला. डोळे मिटून ऐकला. समोर ट्रेमध्ये प्लास्टरचे जबडे वाळत ठेवलेले, बाहेर पॉलिशच्या मशीनची घरघर. अख्ख्या भागात हाताबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता.

तिने मोबाईल पालथा ठेवला. भूक होती, पण डबा तसाच राहिला.

४

त्याच आठवड्यात लॅबची दात भाजायची भट्टी बिघडली आणि सगळ्यांना दुपारीच घरी सोडलं. मौनीने किल्लीने दार उघडलं. बाबा दुपारचे झोपलेले असतात म्हणून हळूच उघडलं.

बाबा झोपलेले नव्हते. मधल्या खुर्चीत डाव्या बाजूला कलून बसले होते, कान पुढे करून. खिडकीतून भरपूर ऊन येत होतं. फ्रिज गुरगुरत होता. टीव्ही बंद होता.

“मग?” बाबा म्हणाले.

थोडा वेळ गेला.

“अच्छा. आणि तो काय म्हणाला?”

पुन्हा थोडा वेळ गेला. मग बाबा पोटातून हसले, सासू गेल्यापासून तसे हसले नव्हते. मौनी दारातच उभी राहिली, चप्पलही काढली नाही. तिला आवाज ऐकू आला नाही, हे ती नंतर शपथेवर सांगू शकली असती. ऐकू आलं ते एवढंच, की फ्रिज बंद पडला तेव्हा खोली पुरती शांत झाली नाही. बोलता बोलता माणूस दम घ्यायला थांबतो ना, तसलं काहीतरी तिथे होतं, आणि ते दोनदा झालं.

“मौनी?” बाबांनी मान वळवली. “आज लवकर?”

“बाबा, कोणाशी बोलत होतात?”

“तिच्याशी गं. पुढचं सांगत होती.”

“टीव्ही बंद आहे, बाबा.”

“मला टीव्हीचं काय करायचंय? मी कुठे बघतो?” त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. “तिच्याकडे आता आतल्या खोलीचंच सांगायला असतं. बाहेरचं सून सांगेल म्हणते. तू फार कमी सांगतेस, अशी तक्रार आहे हं तुझी.”

मौनीला हसू यायला हवं होतं, कारण ही तक्रार अगदी सासूचीच होती. तिने डाव्या खुर्चीकडे पाहिलं. जुन्या फोमची गादी होती. माणूस उठलं की मधला खळगा हळूहळू भरून यायचा. तो खळगा आत्ता भरून येत होता.

ती स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला आणि उगाच हात धूत राहिली. भीती वाटली का? वाटली. पण त्याहून खोल काहीतरी वाटलं, आणि त्याची तिला लाज वाटली. आपल्याशी का नाही बोलल्या आई, असं तिला वाटलं.

५

नवऱ्याचा फोन आला तेव्हा तिने थोडंफार सांगितलं. तो म्हणाला, एकटे पडलेत गं, बोलू दे. डॉक्टर म्हणाले, नजर गेलेल्यांचं मन रिकाम्या जागा भरत राहतं, काळजी करू नका. दोघांचंही बरोबर असेल. मौनीने डोक्याला ते पटवून दिलं.

पण बाबांचं जेवण कमी झालं. फिरायला नको म्हणू लागले. हाक मारली की लांबून आल्यासारखं ‘ओ’ द्यायचे. दुपारी कधीही बघावं तर डावीकडे कललेले, आणि चेहऱ्यावर प्रवासाला निघायच्या आधीची हुशारी. हा माणूस आपल्या हातून सुटत चाललाय, हे मौनीला दिसत होतं, आणि ते कोणाला सांगायचं तेच तिला कळत नव्हतं. तिच्या जगात बाबा म्हणायला हा एकच माणूस होता.

शेवटच्या भागाच्या आदल्या रविवारी बाबा सहज म्हणाले, “पुढच्या भागात ऑपरेटर आत येतो.”

“कोण ऑपरेटर? मालिकेत नाही कोणी ऑपरेटर,” आत्या म्हणाली. “नवीन पात्र आणतायत की काय शेवटी? हा चक्क फसवणुकीचा प्रकार झाला.”

“एक जागा ठेवलीय म्हणे टेबलाशी.”

मौनीने हातातला कप खाली ठेवला. “आत्या,” ती म्हणाली, “जो आधीच सांगतो, तोच मारतो का?”

सगळे तिच्याकडे बघायला लागले. या वादात ती आजवर एकदाही बोलली नव्हती.

“घ्या. मौनीसुद्धा माझ्या बाजूची,” आत्या खूश झाली. “तोच मारतो.”

“तसं नसतं, वहिनी,” कंपाउंडर म्हणाला. तो आत्याकडे न बघता मौनीकडे बघत होता. “माहीत असणं वेगळं.”

“कंपाउंडर बरोबर बोलतोय,” बाबा म्हणाले. “मी वरून बघायचो, मशीनच्या खोलीतल्या एवढ्याशा काचेतून. तोच सिनेमा, रोज. खाली लोक हसत असायचे आणि कोण मरणार ते मला ठाऊक. त्यांच्या आधी मी रडून घ्यायचो. म्हणून मी काय मारलं कोणाला?”

“पण थांबवलंही नाहीत,” मौनी म्हणाली.

“एकदा थांबवलं.” बाबांचा चेहरा उजळला. “तुझी सासू पुढच्या रांगेत होती. लग्न व्हायचं होतं अजून. नायिकेचा शेवटचा श्वास चाललेला आणि हिने मागे वळून वर माझ्या काचेकडे पाहिलं. बस. दिवाच घालवला मी. लोकांनी खुर्च्या बडवल्या, मालकाने आईबाप काढले माझे. पण त्या खेळाला ती नायिका वाचली.”

आत्या म्हणाली की ही गोष्ट तिला कोणी कधी सांगितलीच नाही, आणि रुसली.

दुसऱ्या दिवसापासून मौनी बोलायला लागली. लॅबमधून चार दिवसांची रजा घेतली आणि बाबांच्या उजव्या हाताला ठाण मांडून बसली. खिडकीबाहेरचं सगळं सांगायला लागली. समोरच्या गॅलरीतली बाई चादर झटकतेय, आणि चादरीबरोबर नवऱ्याचा मोजा उडून खाली गेला, आता ती इकडेतिकडे बघतेय. सायकलवाला मोजा उचलून हँडलला अडकवून निघाला. लॅबमध्ये एक गृहस्थ आले होते, म्हणाले दात असे बनवा की बायकोला मी हसतोय असं सारखं वाटलं पाहिजे. बोलून बोलून तिचा घसा बसला. आपल्या आत इतकं बोलणं होतं हे तिला माहीत नव्हतं.

आणि बाबा उजवीकडे वळले. हसले, जेवले, वर “आणखी वाढ” म्हणाले. मौनीला वाटलं, जिंकलो. डाव्या खुर्चीची गादी सपाट होती.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “छान सांगतेस गं. किती दिवसांनी रस्ता दिसला मला,” ते म्हणाले. “उद्यासाठी माझा पांढरा शर्ट काढून ठेव. ती म्हणते, उशीर नको.”

६

रविवारी बाबांनी दाढी केली, पांढरा शर्ट घातला आणि बूटही मागितले. घरात बसून मालिका बघायला बूट कशाला, असं आत्याने विचारलं, पण उत्तर ऐकायला ती थांबली नाही. शेवटचा भाग होता. तिने आणि कंपाउंडरने पैज लावली होती.

भाग सुरू झाला. मौनीने बाबांचं मनगट धरलं. थंड होतं. ती सांगू लागली: भाडेकरू पायऱ्या चढतोय, खाली पोलिसांची गाडी, घरमालकीण दाराशी. बाबा ऐकत नव्हते. खुर्चीच्या कडेला पुढे सरकून बसले होते आणि श्वास सावकाश, फार सावकाश चालला होता. एक घेतला की दुसरा येईपर्यंत मौनीचा स्वतःचा अडकायचा.

“ज्याची त्याची जागा ठरलेली असते,” टीव्हीतला म्हातारा आवाज म्हणाला.

“बघ, बघ, आता कबूल करतोय,” आत्या म्हणाली.

“कबूल कुठे, तो इन्स्पेक्टरकडे बघून बोलतोय,” कंपाउंडर म्हणाला.

पडद्यावर एक बोळ दिसत होता. बोळाच्या टोकाला दार होतं. ते उघडलं आणि मौनीला आतली खोली दिसली.

दिवा होता. लांब टेबल होतं. फुलवाली होती, गळ्यावर कसलीही खूण नाही, पत्ते पिसत होती. मास्तर होता, जुळ्यांची आई होती, बुटांचा दुकानदार कोपऱ्यात अवघडून बसला होता. टेबलाशी एक जागा रिकामी होती आणि त्या जागेच्या मागे, खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात टेकून, सासू उभी होती. तिच्या करड्या स्वेटरची कोपरं विरलेली होती. ती मौनीकडे बघत नव्हती. मौनीच्या जरा डावीकडे, बाबा जिथे बसले होते तिथे बघत होती, आणि वाट बघून थकलेल्या माणसाचं असतं तसं तिचं तोंड झालं होतं.

आत्या आणि कंपाउंडर पोलिसांच्या गाडीवरून भांडत होते. त्यांना गाडी दिसत होती.

“मौनी,” बाबांनी विचारलं. आवाज अगदी बारीक. “जागा रिकामी आहे ना अजून?”

हातातल्या मनगटात ठोका लागत नव्हता. मौनीने ते घट्ट धरलं.

“नाही, बाबा. भरली.”

“भरली?” त्यांच्या कपाळावर आठी आली. “कोण बसलं?”

हा प्रश्न येईल असं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिने पडद्याकडे पाहिलं, सरळ सासूकडे, आणि सगळा जीव डोळ्यांत आणून बघत राहिली. नका ना, आई. एवढे एक राहू द्या मला.

“आई बसल्यात,” ती म्हणाली.

सासूने मान वळवली. आता ती मौनीकडे बघत होती. किती वेळ बघत होती ते सांगता येणार नाही. रागावली असं वाटलं, मग दुखावली असं वाटलं, मग मौनी नवी नवरी असताना भाजी करपली की व्हायचा तसा, ‘असू दे’ म्हणणारा, तो चेहरा झाला. तिने खुर्ची मागे ओढली आणि हळूच, गुडघ्यांवर हात देत, स्वतः त्या जागेवर बसली.

“मग मी कुठे बसू?” बाबांनी विचारलं.

“इथेच. माझ्याजवळ.”

त्यांनी मोठा श्वास घेतला. मग दुसरा. मनगटात ठोका लागला, चुकार, पण लागला. ते मागे टेकले. पडद्यावर रंगाच्या डब्यांची जाहिरात सुरू झाली होती.

“मेल्यांनी शेवटी सांगितलंच नाही आवाज कोणाचा ते,” आत्या तणतणत उठली. “तिसरं पर्व काढतायत. मी बघणार नाही, सांगून ठेवते.” कंपाउंडर तिच्यामागून स्वयंपाकघरात गेला, पैज कोणीच जिंकली नाही तर काय, हे ठरवायला.

खोलीत दोघंच राहिली. बाबा डावीकडे कान करून बसले. बराच वेळ बसले. मग त्यांचे मिटलेले डोळे पाझरू लागले.

“ती बोलत नाहीये, मौनी.”

आपण काय हिरावून घेतलं ते मौनीला आत्ता कळलं.

“रागावली का? बघ ना जरा.”

मौनीने रंगाच्या डब्यांकडे बघितलं. “नाही, बाबा, हसतायत. पत्ते वाटलेत त्यांना. फुलवालीने लबाडी केली, ती आईंनी बरोबर पकडली. आता दुकानदाराला शिकवतायत, आणि तो ऐकतोय बिचारा, आणि टेबलावर चहा आहे, आणि आईंनी बाही वर सारलीय, आणि, आणि मास्तर म्हणतो...” ती थांबेना. थांबलं की बाबा रिकाम्या खुर्चीला ऐकत बसतील, म्हणून एकावर एक वाक्यं रचत गेली, धापा टाकत, चुकत, पुन्हा मागे येत. शेवटी दम संपला आणि तिला श्वास घ्यायला थांबावंच लागलं.

“हळू सांग गं,” तिच्या कानाशी कोणी तरी म्हणालं. “हे कुठे जात नाहीयेत.”

मौनी हलली नाही. मानेवरचे केस उभे राहिले होते आणि डोळे भरून वाहत होते, दोन्ही एकदम.

“ऐकलंस?” बाबांनी विचारलं.

“ऐकलं,” ती म्हणाली. मग खुर्ची त्यांच्याकडे सरकवून घेतली आणि हळू सांगायला लागली.